हळदीच्या व्हिडिओतलं पिवळं काढलं की हळदच जातीय, कलर करेक्शन कसं करू?

कृष्णाकाठचा_शूटर (सांगली), रात्री ११:४२

नमस्कार मंडळी. लई दिवस इथं नुसतं वाचत होतो, आज अडकलोय म्हणून पहिल्यांदा लिहालोय. मोठं झालंय, सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात हरिपूरला एका लग्नाचं काम केलं. नवरीचे वडील मार्केट यार्डात हळदीचे व्यापारी, तीन पिढ्यांचं अडत दुकान. हे का सांगतोय ते पुढं कळंल.

हळद अंगणात होती, दुपारी साडेबारा एकच्या सुमारास. वर मांडव, आन डेकोरेटरनं मांडवाला वरनं सगळं पिवळं कापड ताणलेलं, बाजूनं झेंडूच्या माळा, चौरंगामागं पडदा पण पिवळाच, बायकांच्या साड्या पिवळ्या, पोरांचे कुर्ते पिवळे, आन ह्या सगळ्यावर हळद. कॅमेरा सोनीचा, लॉग (नंतर रंग करायला मुद्दाम फिकं घ्यायचं प्रोफाइल) बिग काय नाही, साधा स्टँडर्ड प्रोफाइल, व्हाइट बॅलन्स (उजेड कसला बी असला तरी पांढरं पांढरंच दिसावं म्हणून असलेली सेटिंग) ऑटोवर. दुसऱ्या बाजूनं चुलत भाऊ आयफोनवर घेत होता.

घरी येऊन फूटेज दा विंची रिझॉल्व्हमधी टाकलं (एडिट आन कलरचं सॉफ्टवेअर, फुकटवालं व्हर्जन) तर सगळं जणू पिवळ्या काचेतनं बघितल्यासारखं. मग मी काय केलं, व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर घेतला आन आजोबांच्या पांढऱ्या टोपीवर क्लिक केलं. टोपी झाली पांढरीशुभ्र, पण बाकीची माणसं निळसर, आन हळद लिंबासारखी पिवळी, थोडी हिरवटच म्हणा की. मग टेम्परेचर परत गरम केलं, परत गार केलं, असं करत करत रात्रीचे तीन वाजले. शेवटी एका इन्स्टा पेजवरनं विकत घेतलेलं सिनेमॅटिक लटचं (म्हणजे एका झटक्यात रंग बदलणाऱ्या तयार फाइलींचं) पॅक होतं, त्यातला एक लट टाकला, तर काळं एकदम काळंकुट्ट आन लाल भडक. तसंच एक्स्पोर्ट मारून त्यांच्या घरी टीव्हीवर दाखवायला नेलं.

नवरीची आई म्हणाली पोरीचं तोंड काळंनिळं दिसतंय, आजारी हाय काय ती. ते एक ठीक. पण वडील पाच मिनिटं काय बोललेच नाहीत, मग म्हणाले, "ही हळद आपली न्हाई. ही कुठली आणलीस?"

आता बोला. माणूस आयुष्यभर हळदीचे सौदे करतोय, वाटीतली हळद बघून भाव सांगतोय, त्याला मी काय फसवणार. बाकी पैसे हळद नीट झाल्यावर देतो म्हणालेत.

तर प्रश्न असा की मांडवाचं पिवळं कमी करून हळदीचं पिवळं कसं ठेवायचं? दोन्ही पिवळंच की. आन एकाच क्लिपमधी मधूनच रंग बदलतोय, सुरुवातीला गार आन नवरदेवाकडची माणसं फ्रेममधी आली की गरम, ते का?

---

पोवई_नाका_एडिटर (सातारा), रात्री ११:५८

आधी चार प्रश्न, मग बोलू.

लॅपटॉपला नाइट लाइट चालू आहे का?
आजोबा मांडवाच्या आत बसलेले का बाहेर उन्हात?
लटचं पॅक लॉग फूटेजसाठी होतं का स्टँडर्डसाठी? पॅकमधल्या फाइलच्या नावात लिहिलेलं असतं बघ.
स्कोप (रंग मोजणारे आलेख) उघड, त्यातला परेड लाव, आणि लाल हिरवा निळा कुठं कुठं बसलेत ते सांग.

---

कृष्णाकाठचा_शूटर, रात्री १२:२०

अरे देवा. नाइट लाइट चालू हाय. संध्याकाळी सात ते सकाळी सहा असं शेड्यूल लावलेलं, डोळे दुखतात म्हणून, आन मी एडिट रात्रीच करतो. म्हणजे इतकी वर्षं मी पिवळ्या स्क्रीनवर कलर करालोय??

आजोबा मांडवात आतच. लटच्या फाइलच्या नावात एस लॉग ३ असं काहीतरी हाय. परेडमधी लाल वर १०० ला जाऊन चिकटलाय, हिरवा त्याच्या खालपर्यंत, निळा पार तळाला, चटई अंथरल्यासारखा.

---

डीजे_नको_रे_बाबा (इस्लामपूर), रात्री १२:२६

ब्लॅक अँड व्हाइट कर आन मोकळा हो

---

कृष्णाकाठचा_शूटर, रात्री १२:२८

हळदीचा व्हिडिओ ब्लॅक अँड व्हाइट करून त्या माणसाला दाखवू व्हय? सांगलीतच राहायचंय मला अजून

---

पोवई_नाका_एडिटर (सातारा), रात्री १:०५

नाइट लाइट बंद कर, आत्ताच्या आत्ता. तुझी निम्मी गोष्ट तिथंच आहे. स्क्रीन पिवळी, म्हणून तुला फूटेज आहे त्यापेक्षा जास्त पिवळं दिसतंय, म्हणून तू निळं जास्त ओततोस, आणि त्यांच्या टीव्हीवर नाइट लाइट नाही, म्हणून तिथं नवरी निळी. पोरीच्या आईचं काही चुकलं नाही. फोनवर चेक करत असशील तर तिथंपण तेच बघ, डोळ्यांना आराम देणारा मोड आणि व्हिव्हिड डिस्प्ले दोन्ही बंद.

आता टोपी. टोपी पांढरी आहे हे तुला माहितीय, पण टोपीवर पडलेला उजेड पांढरा नव्हता. डोक्यावर पिवळं कापड ताणलंय, वर दुपारचं ऊन. कापड निळा उजेड खातं आणि बाकीचा खाली सोडतं, म्हणजे मांडवाच्या आत उजेडच पिवळा. त्या जागी टोपी खरोखर पिवळीच होती. पण तिथं बसलेल्या माणसांना ती पांढरी दिसली, कारण आपले डोळे दोन मिनिटांत जुळवून घेतात. कॅमेऱ्याला ते जमत नाही, आणि ऑटो व्हाइट बॅलन्स जुळवायला बघतो तर फ्रेममधे किती पिवळं आहे त्यावरून अंदाज बांधतो. पिवळे कुर्ते आले की त्याला वाटतं उजेड बदलला, म्हणून तो गार करतो, कुर्ते गेले की परत गरम. तुझ्या क्लिपमधे उलटं दिसत असेल तर मागं उन्हातलं अंगण फ्रेममधे येत जात असेल, कारण तेच. ऑटोवर सोडलं की असं होणारच.

म्हणून मांडवातली टोपी शंभर टक्के पांढरी करायची नाही. ती तशी केलीस की तू मांडवच पुसून टाकलास, मग हळदीच्या घरचं वातावरण राहिलं कुठं? असा एखादा शॉट शोध ज्यात मांडवाच्या कडेला ऊन पडलंय, अंगणात पांढरी गाडी, धोतर, चुन्याची भिंत, काहीतरी उन्हातलं पांढरं आहे. ते पांढरं धरून बॅलन्स कर. मग मांडवाच्या आतलं आपोआप पिवळसर राहील, त्यातलं थोडं, म्हणजे बघवेल इतकंच, टेम्परेचरनं काढ. मी अशा वेळी निम्म्याच्या आसपास थांबतो. याला काही नियम नाही, डोळा ठरवतो.

आणि नवरीचा चेहरा त्वचेचा रंग म्हणून धरू नको, हळद लागलीय त्याला. वेक्टरस्कोपमधे (रंग कुठल्या दिशेला आहे ते दाखवणारा गोल आलेख) सेटिंगला स्किन टोन इंडिकेटर आहे, तो चालू कर, लाल आणि पिवळ्याच्या मधे एक रेघ येते. गोरा असो सावळा असो काळा असो, साध्या उजेडात माणसाच्या त्वचेचे ठिपके त्या रेघेच्या आसपासच पडतात, कारण कातडीखालचं रक्त सगळ्यांचं लालच. फरक पडतो तो उजळपणात आणि रंग किती गडद त्यात. तर हळद न लागलेला माणूस शोध, भटजी, मागं उभा मामा, कुणीही, त्याचा हात किंवा मान पॉवर विंडोनं (फ्रेमचा हवा तेवढाच भाग धरणारा आकार) वेगळी करून बघ ती रेघेजवळ येते का. नवरीच्या चेहऱ्याचे ठिपके रेघ सोडून पिवळ्याकडं सरकलेले दिसतील, ते तसेच असू दे. तू बहुतेक तिलाच ओढून रेघेवर आणलीस, म्हणून हळद उडाली.

आता हळद लिंबासारखी का झाली, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. केशरी पिवळ्या रंगात लाल सगळ्यात वर असतो, त्याच्या खाली हिरवा, निळा नावाला. तू एक्स्पोजर थोडं जास्त ठेवलंस (मांडवात अंधार वाटला असेल), त्यामुळं लाल १०० ला जाऊन अडकला. त्याच्यावर जागाच नाही. पण हिरव्याला अजून जागा होती, तो वर चढत राहिला. लाल आणि हिरव्यातलं अंतर कमी झालं की केशरीचा होतो पिवळा, अजून कमी झालं की लिंबू. वरनं तू टेम्परेचरनं लाल अजून खाली ओढलास, मग हिरवट. दिवाळीत पणतीची ज्योत शूट केली की मधे पिवळी पांढरी होते आणि कडेला केशरी राहते, तेच हे.

त्यामुळं क्रम असा ठेव. पहिला नोड (करेक्शनचा एक टप्पा) फक्त एक्स्पोजर, गेन (उजळ भागाचा कंट्रोल) खाली घे आणि बघ परेडमधे लालचा माथा अजून सपाट आहे का त्यात आकार येतोय. काही कॅमेऱ्यांत १०० च्या वरपण थोडा माल साठवलेला असतो, नशीब असेल तर सापडेल. सपाटच राहिला तर तो गेला, त्याला कुठलाही फिल्टर परत आणत नाही. दुसरा नोड बॅलन्स. तिसऱ्या नोडमधे ह्यू व्हर्सेस ह्यू कर्व्ह, म्हणजे एकच रंग धरून त्याची छटा बदलणारी रेघ, तिथं हळदीवर क्लिक कर, तीन ठिपके येतील, मधला ठिपका थोडासा केशरीकडं सरकव, थोडासाच. मग ह्यू व्हर्सेस लम मधे (एका रंगाचा उजळपणा बदलणारी रेघ) तोच रंग जरा खाली, म्हणजे हळदीला वजन येईल. ह्यानं मांडवाचं कापडपण हलेल, त्याला क्वालिफायरनं (रंगावरून निवड करणारं टूल) किंवा विंडोनं बाहेर ठेव, हळद चेहऱ्यावर आणि हातावरच आहे त्यामुळं विंडो ट्रॅक करायला जड नाही.

निळा चॅनल तळाला आहे म्हणालास, त्याला जबरदस्तीनं वर ओढू नको. तुझं फूटेज ८ बिट असणार, म्हणजे एका रंगाच्या २५६ पायऱ्या, त्यातल्या खालच्या पंधरा वीस पायऱ्यांवर सगळा निळा बसलाय. तो ताणलास की नॉइज आणि चौकोन दिसतात, चेहऱ्यावर चट्टे येतात. १० बिटला १०२४ पायऱ्या असतात, तिथं एवढी ओढाताण खपते. फुकटच्या रिझॉल्व्हमधे नॉइज रिडक्शन नाही, ते पैसेवाल्या स्टुडिओत आहे, त्यामुळं आधीच जपून.

लट पूर्ण काढ. एस लॉग ३ चा लट हा फिक्या, सपाट फूटेजला साधं करण्यासाठी असतो. तू आधीच साध्या असलेल्या फूटेजवर तो लावलास, म्हणजे आमटीत एकदा मीठ घातलेलं असताना परत मूठभर.

मधूनच बदलणाऱ्या क्लिपसाठी, बदल पटकन होत असेल तर तिथं ब्लेडनं कापून दोन तुकडे कर आणि वेगवेगळं करेक्ट कर. हळूहळू सरकत असेल तर कलर पेजवर खाली कीफ्रेम आहेत, डायनॅमिक कीफ्रेम टाकून एकीकडून दुसरीकडं नेता येतं. कंटाळवाणं काम आहे, चहा ठेव.

---

खानापूर_तालुका_९९ (विटा), सकाळी ७:१५

वरचं सगळं बरोबर पण सगळ्यांकडं रिझॉल्व्ह चालंल असा लॅपटॉप नसतोय, माझ्याकडं जुना हाय आन मी शॉटकट नावाच्या एडिटिंग सॉफ्टवेअरवर करतोय लग्नं, बारकी कामं, फुकट हाय आन मराठीतनं इचारलं तरी चालतंय (कुणी उत्तर देत न्हाई ते सोडा). त्यात व्हाइट बॅलन्स म्हणून फिल्टर हाय, न्यूट्रल कलर निवडायचा, आन कलर ग्रेडिंग म्हणून तीन चाकांचा फिल्टर, शॅडो मिडटोन हायलाइट. स्कोप पण हायत, व्ह्यू मेनूत. एकच सांगतो की शॉटकटमधी फिल्टर वरनं खाली लागतात, जो आधी टाकला तो आधी, म्हणून व्हाइट बॅलन्स वर आन लट बिट असंल तर खाली, मी उलटं करत होतो सहा महिनं आन म्हणत होतो लटच भिकार हाय. आन दुसरं, क्लिपवर, ट्रॅकवर आन आउटपुटवर असं तीन जागी फिल्टर टाकता येतंय, एका कॅमेऱ्याचं सगळं एका ट्रॅकवर असंल तर ट्रॅकच्या डोक्यावरच टाकायचा म्हंजी एकदाच काम, पण आउटपुटवर चुकून टाकू नगा, मी एका बारशात टाकलेला आन बाळाच्या नावाची पाटी पांढऱ्याची जांभळी झालेली, लोकांनी फोटो काढून माझ्याच ग्रुपवर टाकला.

बाकी भावा तुझा व्यापारी चिडणारच की. सांगलीच्या हळदीला २०१८ ला जीआय, म्हंजी भौगोलिक मानांकन, मिळालंय, ती राजापुरी, केशरी छटेची, तू त्याला लिंबू दाखवलास. आमच्याकडं डाळिंबवाल्याला फिकं डाळिंब दाखव, बघ काय करतोय.

---

मिरज_जंक्शन (मिरज), सकाळी ९:३०

पोरांनो, मी ह्या धंद्यात व्हीएचएसच्या काळापासून आहे, आता हात थरथरतात म्हणून मुलगा कॅमेरा धरतो आणि मी बडबडतो. थोडं लिहितो, राग मानू नका.

आमच्या वेळी एडिटिंगमध्ये रंग दुरुस्त करायची सोय जवळजवळ नव्हतीच, दोन व्हीसीआर आणि एक मिक्सर, त्यात चित्र फिकं गडद करता आलं तर खूप. त्यामुळं जे करायचं ते जागेवर. खिशात इस्त्रीचा पांढरा रुमाल असायचा. नवरीच्या तोंडापुढं, म्हणजे जिथं ती बसणार तिथं, रुमाल धरायचा, कॅमेरा त्यावर भरायचा आणि व्हाइट बॅलन्सचं बटण दाबायचं. हॅलोजन लावला की परत दाबायचं, कारण हॅलोजन ३२०० केल्विनच्या (उजेड किती गरम किती गार त्याचं माप) आसपास आणि बाहेरचं ऊन ५६०० च्या आसपास, दोन्ही एकत्र आले की अर्धं तोंड केशरी अर्धं निळं. हॅलोजन नवरीच्या आजीच्या डोळ्यावर मारला म्हणून एकदा बेळंकीला मार खाता खाता वाचलोय, ते असो.

तर कृष्णाकाठच्या बाळा, पुढच्या वेळी एवढंच कर. ऑटो बंद. पिवळ्या मांडवात शिरण्याआधी बाहेर उन्हात केल्विन ५६०० ठरवून टाक आणि मांडवात तसाच ठेव. सगळं पिवळं येईल, येऊ दे, पण सगळं एकसारखं पिवळं येईल. एकसारखी चूक घरी एका क्लिपवर सुधारून बाकीच्यांना लावता येते. सरकती चूक प्रत्येक क्लिपला वेगळी काढावी लागते, तेच तुझं झालंय. आणि डेकोरेटरला चार दिवस आधी फोन कर, वरचं कापड पांढरं किंवा फिकट लाव, बाजूला हवं तेवढं पिवळं लाव म्हण. निम्मे डेकोरेटर ऐकतात. कुणी सांगत नाही म्हणून ते आपल्याला वाटेल ते लावतात.

पोवई नाक्याच्या मुलानं त्वचेच्या रेघेचं छान सांगितलं. ती रेघ आमच्या वेळच्या अमेरिकन रंगीत टीव्हीच्या पद्धतीतली आहे, १९५३ ची, एनटीएससी म्हणतात. त्यात रंगाचं सिग्नल दोन अक्षांत वाटलेलं असायचं, त्यातला आय नावाचा अक्ष केशरीपासून निळ्याकडं जातो, कारण त्या दिशेतला बारीक फरक आपल्या डोळ्याला जास्त कळतो. चेहऱ्याचा रंग त्याच्याच जवळ पडतो म्हणून लोकांनी ती रेघ धरून ठेवली. टीव्ही गेला, रेघ राहिली.

आणि एक उपाय सांगतो, बघ पटतो का. त्या व्यापाऱ्याकडनंच वाटीभर हळद आण. पांढऱ्या ताटात ठेव, शेजारी पांढरा कागद, भर उन्हात, कागदावर व्हाइट बॅलन्स करून त्याच कॅमेऱ्यानं दहा सेकंद शूट कर. लाल अडकू देऊ नको, थोडं अंडर ठेव. हा तुझा नमुना. आता अंदाजानं केशरीकडं ढकलण्यापेक्षा ह्याच्याशी जुळव.

---

पोवई_नाका_एडिटर (सातारा), सकाळी ९:५२

काका, वाटीची आयडिया भारी आहे, मला का सुचली नाही. कासला सोनकी शूट करताना मी नेमकं हेच करायला पाहिजे होतं, पठारभर पिवळं आणि घरी येऊन कुठला पिवळा खरा तेच आठवेना.

कृष्णाकाठ, त्या वाटीच्या क्लिपचा स्टिल ग्रॅब कर, गॅलरीत राहतो, मग हळदीच्या शॉटवर वाइप लावून अर्धं हे अर्धं ते असं बघता येतं.

---

ताकारी_लाईन (पलूस), सकाळी ११:१०

आयफोनचं कुणीच बोललं नाही. भावाची क्लिप बाकीच्यांपेक्षा उगाच चकाकतेय किंवा धुरकट दिसतेय का? मग ती एचडीआर, म्हणजे साध्यापेक्षा जास्त उजेड साठवणारा व्हिडिओ, असणार. नवीन आयफोनमध्ये ते आधीपासून चालूच असतं. रिझॉल्व्हमध्ये त्या क्लिपला कलर स्पेस ट्रान्सफॉर्म लाव, इनपुट रेक. २०२०, गॅमा रेक. २१०० एचएलजी, आउटपुट रेक. ७०९ गॅमा २.४, टोन मॅपिंग चालू. मग बाकीचं करेक्शन. पुढच्या वेळी भावाला सांग सेटिंगमध्ये एचडीआर व्हिडिओ बंद कर.

आणि रिसेप्शनचं फूटेज पण आहे का? तिथं काय झालं?

---

कृष्णाकाठचा_शूटर, दुपारी १:३५

धुरकट नाही, चकाकतंय, नवरीच्या मामाचं टक्कल तर दिव्यागत. एचडीआरच असणार.

रिसेप्शन मिरज रोडच्या कार्यालयात, एलईडी वॉल आन निळे जांभळे पार लाइट (स्टेजवरचे रंगीत दिवे). माणसं वांग्यासारखी जांभळी झाल्यात. वरनं डीजेवाल्यानं काळ्या प्रकाशाचा लाइट लावलेला, त्यात काही पोरींच्या हातावरची उरलेली हळद हिरवी चमकत होती, आम्हाला वाटलं भूत.

---

मिरज_जंक्शन (मिरज), दुपारी २:२०

भूत नाही रे. हळदीतलं करक्युमिन अतिनील प्रकाशात हिरवट पिवळं चमकतं, घरी यूव्ही टॉर्चखाली चिमूटभर हळद धरून बघ. ते सुधारू नको, ती खरीच चमकली.

जांभळ्या माणसांचं मात्र फार होणार नाही. निव्वळ निळ्या एलईडीत लाल उजेडच नसतो, मग त्वचेचा लाल परत येणार कुठून? गरम करायला गेलास तर राखाडी चिखल होईल. निळ्याचं सॅच्युरेशन कमी कर, थोडं उजेड खाली घे, आणि तो पार्टीचा रंग म्हणून सोड. ज्या दोन मिनिटांत कार्यालयाचे पांढरे दिवे लागले असतील, जेवायच्या वेळी लागतातच, तिथले क्लोजअप जास्त वापर. आणि स्वस्त पांढऱ्या एलईडीत हिरवट झाक असते, त्यासाठी टेम्परेचर नाही, टिंटचा स्लायडर, मॅजेंटाकडं. टेम्परेचर निळा केशरी बघतो, टिंट हिरवा मॅजेंटा बघतो, ही दोन वेगळी कामं. बरेच जण हिरवट तोंडाला टेम्परेचर फिरवत बसतात.

---

कृष्णाकाठचा_शूटर (सांगली), तीन दिवसांनी, रात्री ९:१०

अपडेट देतो.

काकांनी सांगितल्यावर यार्डात गेलो, नवरीच्या वडिलांना म्हटलं वाटीभर हळद द्या, तुमचीच. त्यांनी आधी संशयानं बघितलं. मग का पाहिजे ते सांगितलं तर माणूस एकदम खुलला. तीन वाट्या भरल्या, एक ह्या वर्षीची, एक गेल्या वर्षीची, एक बाहेरची म्हणून वेगळी, आन म्हणाले बघ तुझ्या मशीनला फरक कळतोय का. मग एक तास हरिपूरच्या पेवांचं सांगत बसले, जमिनीखाली हळद कशी वर्षानुवर्षं टिकायची, २००५ च्या पुरात पाणी शिरून किती पेवं गेली. मी चहा पीत ऐकत बसलो, कलर करेक्शन राहिलं बाजूला.

तिन्ही वाट्या उन्हात शूट केल्या. वेक्टरस्कोपमधी ह्या वर्षीची आन बाहेरची खरंच वेगळ्या जागी पडल्या, थोडाच फरक, पण हाय. त्यांना स्क्रीनशॉट पाठवला, त्यांनी तो त्यांच्या व्यापारी ग्रुपवर टाकला.

मग नाइट लाइट बंद, दिवसा बसून केलं. लट काढला. गेन खाली घेतल्यावर लालमधी बऱ्याच शॉटला आकार आला, दोन तीन शॉट मात्र सपाटच, ते काढून टाकले. बाहेर उभी पांढरी बोलेरो सापडली, तिच्यावर बॅलन्स केला, मांडवाचं पिवळं निम्मं ठेवलं. ह्यू व्हर्सेस ह्यू नं हळद वाटीच्या जवळ आणली, तंतोतंत नाही आली, कारण मांडवातला उजेड वेगळा, पण डोळ्याला पटतीय. भटजींची मान रेघेवर हाय. सरकत्या क्लिपा अकरा निघाल्या, त्यातल्या सात कापल्या, चार कीफ्रेमनं केल्या, पाठ गेली.

आज टीव्हीवर दाखवलं. टीव्ही व्हिव्हिड मोडवर होता, मी गुपचूप मूव्ही मोड लावला.

---

खानापूर_तालुका_९९ (विटा), रात्री ९:१४

मग काय म्हणला व्यापारी, सांग की लवकर

---

कृष्णाकाठचा_शूटर, रात्री ९:२०

हळद आपलीच हाय म्हणाले. दोनदा रिवाइंड करून बघितली.

पण आता नवरीची आत्या म्हणतीय तिची साडी मोरपंखी होती, व्हिडिओत निळी दिसतीय.

---

पोवई_नाका_एडिटर (सातारा), रात्री ९:२२

निळं जपायला म्हणून कुठं ह्यू कर्व्ह हलवलास का? मोरपंखी निळा आणि हिरव्याच्या मधे असतो, एक ठिपका तिथंपण चुकून पडला असेल बघ. क्लिक केल्यावर तीन ठिपके येतात त्यातला कडेचा.

---

कृष्णाकाठचा_शूटर, रात्री ९:३१

हाय. पडलाय. काढतो.

---

डीजे_नको_रे_बाबा (इस्लामपूर), रात्री ९:३३

पैसे दिले का पण?

---

कृष्णाकाठचा_शूटर, रात्री ९:३५

निम्मे. बाकीचे आत्याची साडी झाल्यावर. वर एक किलो हळद दिलीय.